बोंबील तपासायचं यंत्र

या, जरा पुढे सरका. दाराशी चपलांच्या ढिगाजवळ कुणी बसू नका, इथे जागा पुष्कळ आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी खुशाल पाय पसरावेत, देव काही रागवायचा नाही. आज एक गोष्ट सांगतो. भाईंदरहून उत्तनची बस पकडली आणि पुढे रिक्षा केली की ज्या चौक गावात तुम्ही उद्यासुद्धा जाऊन याल, तिथली. गोष्ट एका यंत्राची आहे, आणि ते हातात धरणाऱ्या बायकांची. सांगताना माझाच ऊर भरून येतो, तेवढं सांभाळून घ्या.

तर चौकात हंसाबाय राहते. नवरा हरिश्चंद्र बोटीचा तांडेल, आठ-आठ दिवस दर्यावर. हंसाबाय गावातल्या बायकांच्या सुक्या मासळीच्या गटाची प्रमुख. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. भाईंदरच्या गोडदेवला सप्ताह लागला की ही बाई सगळी कामं उरकून दुपारच्या बसनं निघणार, पुढची जागा धरणार आणि बुवांनी पद उचललं की मागच्या टाळकऱ्यांच्या आधी हिचा सूर लागणार. बुवा हसून म्हणायचे, "माई, आम्हाला जरा गाऊ द्या." आणि ही तोंडावर पदर घ्यायची, पुढच्या पदाला पुन्हा तेच.

गटाचं काम सोपं. प्रत्येकीनं आपापल्या वलांडीवर, म्हणजे बांबूच्या उंच मांडवावर, बोंबील टांगून वाळवायचे, क्रेटमध्ये भरून हंसाबायच्या अंगणात आणायचे. तिथे सगळ्यांचा माल एकत्र होणार, पिशव्या भरल्या जाणार आणि मीरा रोडच्या सोसायट्यांमध्ये जाणार. तिकडची मोठी गिऱ्हाईक संपदाताई. दादरहून मीरा रोडला राहायला आलेली, ऑफिसात नोकरी करणारी, आणि अख्ख्या सोसायटीची ऑर्डर एकटी गोळा करणारी.

थंडी उतरायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी संपदाताईचा फोन आला.

"हंसाताई, रागावू नका हं. एका पिशवीत तारेचा तुकडा निघालाय. फोटो पाठवलाय बघा. आमच्या शेजारणीच्या नातवाच्या ताटात आला होता. खाल्ला नाही हो त्यानं, वाचला. पण लोक आता घाबरतायत. तुम्ही मशीनवर तपासून द्याल का? तपासून आलंय म्हटलं की मी सगळ्यांना सांगते. तोपर्यंत मात्र ऑर्डर थांबवतेय."

लेकराच्या ताटात तार! तिनं देवापुढे दिवा लावला, हात जोडले, आणि मग बायकांना हाक मारली.

फोनवरचा फोटो हातोहात फिरला. काळी, बारीक रेघ. जागृतीनं तो डोळ्यांजवळ धरला. जागृती वयानं तरुण, हाताला चलाख, आणि जिभेला तर विचारूच नका.

"यात बघायचं काय हाय? वलांडी तारेनं कोणी बांधली हाय? आपली सगळ्यांची सुतळीनं. तार एकीचीच."

सगळ्यांची मान रसिकाकडे वळली.

रसिका कोपऱ्यात बसली होती. तिचा बबन मागच्याच्या मागच्या वर्षी दर्यावर गेला तो परतला नाही. जायच्या आधी त्यानं नवी वलांडी उभी केली होती. सुतळी कुजते म्हणून बांधकामावरची तार आणून एकेक सांधा स्वतः पिळून बांधला होता. नवऱ्याच्या हातचं तेवढंच आता रसिकाकडे उभं होतं. त्या वलांडीवर ती आणि तिची म्हातारी सासू दोघी जगत होत्या.

"माझी तार तुटलेली न्हाय," रसिका म्हणाली. "मी रोज हात फिरवून बघतं."

"मग आकाशातनं पडली काय? काप ती तार, सुतळी बांध. न्हायतर तुझा माल वेगळा विक. लेकराच्या घशात गेली असती तर गटाला टाळं लागलं असतं!"

रसिकानं आपला क्रेट जवळ ओढला. तार कापायची म्हणजे काय कापायचं, हे अंगणातल्या प्रत्येकीला कळत होतं. आणि वेगळा माल विकायचा तर तिच्या दारात कुठलं गिऱ्हाईक येणार?

हंसाबायनं दोन्ही बाजू ऐकल्या. "मशीन येईपर्यंत रसिकाचा माल बाजूला ठेवूं," ती म्हणाली. "मशीन काय सांगते ते बघूं, मंग तारेचं ठरवूं." तिला वाटलं, आपण न्याय केला. पण रसिका आपला क्रेट उचलून निघाली तेव्हा तिची पाठ बघून हंसाबायला घास गोड लागेना. ज्याच्यावर अजून काही शाबीत नाही त्याचंच ताट आपण आधी उचललं, असं काहीतरी तिला रुतत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती भाईंदर पूर्वेला गेली. स्टेशनजवळच्या गल्लीत जयकुमारभाईंचं दुकान. वजनकाटे, कॅमेरे, अलार्म, सगळं काही. जयकुमारभाई माणूस सज्जन, कपाळावर केशराचा टिळा. काम ऐकून घेतलं आणि एकदम हात वर केला.

"बेन, मशीन जितनी चाहिए दिखाऊंगा. लेकिन मच्छी की थैली दुकान में मत लाना हं."

"नहीं लाया, भाई. बाहर चायवाले के पास रखा है."

"चायवाला भी हमारा ही है!" जयकुमारभाईंनी कपाळावर हात मारला, आणि मग दोघंही हसले. शेवटी शेजारून कुरमुऱ्यांची पिशवी आणवली, त्यात टाचणी टाकली, आणि परीक्षा सुरू झाली.

पहिलं यंत्र टेबलाएवढं. पट्टा फिरतो, माल बोगद्यातून जातो. दिसायला झकास. पण ओल्या मालाला वेगळं सेटिंग, खारवलेल्याला वेगळं, सुक्याला वेगळं. मिठाच्या ओलीनंसुद्धा ते फसून ओरडतं, असं जयकुमारभाईंनीच प्रामाणिकपणे सांगितलं. दुसऱ्याला पडदा होता. पडद्यावर आकडे पळायचे, खाली बटणांची रांग.

"इसका ट्रेनिंग देंगे हम. आदमी आएगा, सिखाएगा."

हंसाबाय गप्प बसून बघत होती. तिच्या डोक्यात गोडदेवचा मांडव होता. बुवा नवीन पद सांगतात तेव्हा एकदा स्वतः म्हणतात, एकदा बायकांकडून म्हणवून घेतात, आणि तिसऱ्या खेपेला मांडव आपला आपण गायला लागतो. कुणी कागद वाटत नाही. ज्या पदाला कागद लागतो ते बुवांच्या तोंडी राहतं, मांडवात उतरत नाही. आपल्या गटात सही करणाऱ्या आहेत, अंगठा उठवणाऱ्या आहेत, चष्मा लागलेल्या आणि चष्मा परवडत नाही अशाही आहेत. माणूस येऊन शिकवून जाईल, पण एकीलाच येईल. मग ती एकटी मशीनवाली होईल आणि बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघत बसतील.

"वो क्या है?" तिनं काउंटरच्या कडेला पडलेल्या काळ्या दांडक्याकडे बोट दाखवलं.

"वो? वो तो मॉल के वॉचमन का है, बेन. गेट पे फिराते हैं ना, वो."

"वॉचमन को कितना दिन सिखाया?"

"दिन?" जयकुमारभाई हसले. "चाय पीते-पीते सीख गया."

"तो दिखाओ."

एक बटण. एक लाल दिवा. एक आवाज. कुरमुऱ्यांच्या पिशवीवरून दांडकं हळू फिरवलं, टाचणीजवळ आलं आणि टीं करून ओरडलं. जयकुमारभाईंनी टाचणी मधोमध ढकलली, मग तळाला. जाड थरातून ऐकू येईना, पण पिशवी पसरून पातळ केली की पुन्हा टीं. हंसाबायनं डावा हात पर्सवर घट्ट ठेवून उजव्यानं स्वतः फिरवून पाहिलं. मग काउंटर पुसणाऱ्या बाईला बोलावून तिच्या हातात दिलं. तिनंही टाचणी शोधली. हंसाबाय उठलीच.

"यही दो. थर पातळ करना तो हमको आता ही है."

मला या बाईचं कौतुक वाटतं ते इथे. भपक्याला भुलली नाही, आणि स्वस्तात मिळतंय म्हणूनही नाही घेतलं. सगळ्यात शेवटी बसलेलीला कुठलं जमेल, एवढंच तिनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ताडपत्री अंथरली. बायका आपापले प्लास्टिकचे क्रेट घेऊन हजर. रसिकालाही हंसाबायनं निरोप धाडला होता. ती आली, पण क्रेट घेऊन मागेच उभी राहिली. हंसाबायनं दांडक्याला हळदकुंकू लावलं, बटण दाबलं, लाल दिवा लागला. बायकांनी हात जोडले.

पहिला क्रेट जागृतीचा. जागृतीनं बोंबील ताडपत्रीवर ओतले, दोन्ही हातांनी पातळ पसरले. हंसाबाय डाव्या हातानं बोंबील सारत उजव्या हातानं दांडकं फिरवायला लागली.

टीं!

"आगं बाय!" जागृती दचकली. "माझ्यात?"

एकेक बोंबील चाचपून बघितला. काही नाही. पुन्हा दांडकं. पुन्हा टीं. दुसरीचा क्रेट, टीं. तिसरीचा, टीं टीं. थोड्याच वेळात अंगणात असा कल्लोळ झाला की कावळे उडून गेले.

"दर्यातच तारा झाल्या काय?"

"त्या भय्यानं खराब मशीन गळ्यात मारली तुझ्या, हंसाबाय!"

"भय्या न्हाय तो, मारवाडी हाय."

"कोण का असना, मशीन येडी हाय!"

सगळाच माल खराब? मग लोकांना काय सांगायचं? तिनं मनातल्या मनात देवाचा धावा केला आणि जिथे पाऊल टाकायला ती सकाळपासून कचरत होती तिथे टाकलं.

"रसिका, तुझा क्रेट आण. पण माझा हात भरून आला. तूच फिरव."

रसिकानं बोंबील ओतले. पसरले. दांडकं हातात घेतलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेलं, लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तसं. यंत्र गप्प. परत नेलं. गप्प.

"बॅटरी गेली," जागृती म्हणाली.

रसिकानं दांडकं शेजारच्या लोखंडी बादलीजवळ नेलं. टीं! बॅटरी होती. मग तिनं ते जागृतीच्या बोंबलांवरून फिरवलं. गप्प. दुसरीच्या, तिसरीच्या. गप्प, गप्प. मघाशी ओरडून ओरडून जीव काढणारं यंत्र तिच्या हातात शहाण्या बाळासारखं निजलं होतं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रसिकानं खाली मान घालून हळूच सांगितलं, "हंसाबाय, तुमच्या हातात पाटल्या हाईत."

क्षणभर कुणालाच उमगलं नाही. आणि उमगलं तशी हंसाबाय ताडपत्रीवर बसकण मारून हसत सुटली. पाटल्या! जागृतीच्या हातात गोठ, पलीकडचीच्या हातात तोडे. कोळणींचं अंगण, हातभर सोन्यानं बोंबील सारत होत्या आणि यंत्र बिचारं खरं सांगत होतं. दुकानात हंसाबायचा डावा हात पर्सवरून हललाच नव्हता, म्हणून तिथे ते ओरडलं नव्हतं. यातल्या निम्म्या जणींवर हेच दांडकं मॉलच्या दारात ओरडलं असेल. पण लोखंड धातू, तांबं धातू. सोनं कधी धातू असतं का? सोनं म्हणजे घरची लक्ष्मी. ती तारेच्या पंगतीला बसेल असं एकीच्याही मनात आलं नाही.

हसणं ओसरलं आणि जागृती बोलून गेली, "मंग रसिकालाच देऊं मशीन कायमची. तिच्या हातात काय हाय वाजायला!"

बोलायला ती वाईट हेतूनं बोलली नाही हो. पण शब्द अंगणात पडला तो पडलाच. रसिकानं दांडकं खाली ठेवलं नाही. दुसरं मोकळं मनगट मात्र तिनं पदराखाली ओढलं. जागृतीनं जीभ चावली, पण शब्द परत कसा घेणार?

हंसाबाय उठली. आत गेली आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन बाहेर आली. डाव्या मनगटावर तेल चोपडलं आणि पाटली ओढायला लागली. लग्नात सासूनं घातलेली, तेव्हापासून न उतरलेली.

"हंसाबाय!" जागृती ओरडली. "मालक दर्यावर हाय तुमचा! आज सोनं उतरवतांव?"

"हो, दर्यावर हाय." पाटली हाडाशी अडली होती. हंसाबायचा चेहरा दुखण्यानं वाकडा झाला, पण हात थांबला नाही. "आपल्या आज्ज्या लग्नात उजव्या हातातला चुडा दर्याला वाहायच्या. माझ्या धन्याला सांभाळ, म्हणून. जन्मभर तो हात मोकळा ठेवायच्या. तो हात काय अपशकुनी होता? त्या मोकळ्या हातावर तर आपल्या गावातल्या होड्या परत यायच्या."

पाटली निघाली. मनगटावर लाल वळ उठला. दुसरीही निघाली. त्या दोन्ही तिनं पदराच्या टोकाला बांधून पाठीवर टाकल्या.

"मोकळ्या हाताला नाव ठेवूं नका," ती म्हणाली. "मशीनची पाळी सगळ्यांची. जिची पाळी असंल तिनं सोनं उतरवून बसायचं. देवळात चपला घालून जातांव काय आपण?"

मग पलीकडे बसलेली एक म्हातारी आपल्या तोड्यांचा फासा चाचपायला लागली.

"आता माझा क्रेट घे, रसिका," हंसाबाय म्हणाली. "माझाच तेवढा राहिला."

हंसाबायचा क्रेट म्हणजे आरसा. गावात तिच्याइतकी स्वच्छ बाई नाही. रसिकानं बोंबील पसरले, दांडकं फिरवलं. अर्ध्यावर यंत्र हलकंच कुरकुरलं. रसिका थांबली, मागे आली, थर आणखी पातळ केला. टीं.

एका बोंबलाच्या पोटाशी काळा, केसासारखा तुकडा चिकटला होता. रसिकानं तो नखांत धरून वाकवला. सोडला तसा तो ताठ सरळ झाला.

"वलांडीची तार मऊ असते," ती एवढंच म्हणाली. "वाकवली की वाकलेलीच राहते."

हंसाबायनं तो तुकडा तळहातावर घेतला. हा तिच्या ओळखीचा होता. होडीच्या इंजिनाचा गंज खरवडायचा तारेचा ब्रश घरात पडलेला. क्रेटला खवले चिकटून वाळले की ती त्याच ब्रशनं क्रेट घासायची, चकचकीत होईपर्यंत. ब्रश जुना, तारा गळतायत, हे दिसतही होतं. स्वच्छतेच्या हौसेत लक्ष कुठे?

आता बघा, तुकडा होता नखाएवढा. मूठ मिटली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. रसिकाशिवाय कुणी तो नीट पाहिलाही नव्हता, आणि रसिका कुणाला बोलणारी नव्हती. संपदाताईला "मशीन आणली" एवढं सांगितलं असतं तरी काम भागलं असतं.

हंसाबायनं तळहात उघडाच ठेवला आणि एकेकीपुढे धरत गेली.

"बघा. माझी हाय. ब्रशची. फोटोतली पण अशीच ताठ होती, आपल्या डोळ्यांवर झापड होती. लेकराच्या ताटात मी घातली ती." जागृतीपुढे ती थांबली. "रसिकाचा माल बाजूला ठेवला तसा आता माझा ठेवा. ब्रश मी विहिरीत टाकतं, क्रेट नवीन आणतं, आणि सगळ्या मिळून सांगाल तेव्हाच माझा माल घ्या."

मग ती रसिकाकडे वळली. हात जोडणार, तेवढ्यात रसिकानं तिचे दोन्ही हात धरले. तेलकट, वळ उठलेले.

"ब्रश विहिरीत नका टाकूं," रसिका म्हणाली. "पाणी पितांव आपण ते."

आणि मघाचा दाबलेला सगळा ताण हसण्यावाटे बाहेर पडला. जागृती हसता हसता रडायला लागली. नाक पुसत रसिकाजवळ गेली.

"रसिका, तोंड फाटकं हाय माझं. तार ऱ्हाऊ दे तुझी. बबनभावानं पिळलेली गाठ गावात कुणाच्यानं सुटायची न्हाय, मला ठाऊक हाय. फकस्त मला शिकव हे दांडकं. मी मघापासून बघतं, आम्ही झाडू मारल्यासारखं मारतांव, तू कसं फिरवतंस?"

रसिकानं तिला शेजारी बसवलं. गोठ उतरवायला लावले. मनगट धरून दांडकं हळू कसं न्यायचं, आवाज कुरकुरला की मागे कसं यायचं, थर कसा पातळ करायचा, एकदा दाखवलं, एकदा करवून घेतलं. तिसऱ्या खेपेला जागृती आपली आपण करायला लागली. मागच्या बाया वाकून बघत होत्या. मघाची म्हातारी म्हणाली, "उद्या माझी पाळी."

"तुझा हात हलतो गं म्हातारे, तुला कशाला?"

"हलतो तर दोनदा फिरवीन!"

कुणीतरी विचारलं, "मंग रसिका, रोज पहिली पाळी तूच घेशील ना?"

रसिकानं मान वर केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा आवाज अंगणाच्या पार टोकापर्यंत गेला.

"घेईन. पण हात मोकळा हाय म्हणून न्हाय घेत. मला येतं, म्हणून घेतं."

त्या संध्याकाळी हंसाबायनं संपदाताईला फोन करून सगळं सांगितलं, ब्रशसकट, काही न लपवता. मग संपदाताई म्हणाली, "हंसाताई, त्या रसिकाताईंना माझा नमस्कार सांगा. ऑर्डर चालू करतेय. पहिली पिशवी शेजारणीकडे मी स्वतः घेऊन जाईन." पुढचे काही दिवस हंसाबायचा माल मात्र बाजूलाच राहिला. तिनं तो दांडक्यानं दोनदा तपासून मुकाट्यानं घरी कालवणात घातला. हरिश्चंद्र दर्यावरून सुखरूप आला तेव्हा त्याच्याही पानात तेच पडलं, आणि कारण ऐकून तो बराच वेळ बायकोच्या मनगटाकडे बघत राहिला.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. तुमच्या घरी चुलीवर बोंबील चुरचुरतील, वास घरभर सुटेल, लेकरं ताटाभोवती गोळा होतील, तेव्हा जेवण्याआधी देवाचं नाव घ्याल ना? घ्याच. आणि त्याच्यामागून एक नाव माझ्यासाठी घ्या. चौकाच्या रसिकाची तेवढी आठवण ठेवा.